हरायचं कोणाकडून, हे आधी ठरवा

पोकेमॉनच्या स्पर्धेसाठी संघ बांधायला बसलेला नवखा खेळाडू विचारतो, सगळ्यांत ताकदवान सहा पोकेमॉन कोणते? चार-दोन स्पर्धा खेळलेला खेळाडू विचारतो, समोर कोणीही आलं तरी पुरून उरतील असे सहा कोणते? पहिला प्रश्न चुकीचा आहे हे बहुतेकांना लवकर कळतं. दुसराही तितकाच चुकीचा आहे, आणि तो जास्त घातक आहे, कारण तो जबाबदार माणसाचा प्रश्न वाटतो. प्रत्येक धोक्यावर तोड काढायची, प्रत्येक भोक बुजवायचं, असा त्याचा रोख असतो. मला मांडायचं आहे ते याच्या नेमकं उलट. स्पर्धेचा संघ बांधायचा म्हणजे आपण कोणाकडून हरायला तयार आहोत हे आधी ठरवायचं. ज्यानं हे ठरवलेलं नाही, त्याच्याकडे कितीही नामांकित पोकेमॉन असले तरी ती सहा नावांची यादीच राहते.

लहानपणी हा खेळ ज्या वाटेनं भेटतो ती वाट वेगळंच काही शिकवते. 27 फेब्रुवारी 1996 रोजी जपानमध्ये गेम बॉयवर पहिले दोन पोकेमॉन खेळ आले. ज्यांच्या कल्पनेतून ते आकाराला आले त्या सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे गोळा करण्याचा नाद होता, आणि गोळा करणं हाच या खेळांचा गाभा राहिला. महाराष्ट्रातल्या मुलांना पोकेमॉन भेटला तो खेळातून कमी आणि टीव्हीवरच्या हिंदी मालिकेतून जास्त. त्या मालिकेत जिद्द, मैत्री आणि एक जोरदार आरोळी एवढ्या भांडवलावर पिकाचू भल्याभल्यांना लोळवतो. खुद्द खेळाच्या कथेतही फारसं वेगळं घडत नाही. एकच लाडका पोकेमॉन वाढवत नेला, त्याची लेव्हल 70-80 वर पोचवली, की वाटेत येणारे सगळे आडवे होतात. अधिकृत स्पर्धेत हा आधारच काढून घेतलेला असतो. तिथे सगळे लेव्हल 50 धरूनच लढतात. संघात सहा असतात, पण एका लढतीत त्यांतले चारच उतरवायचे, आणि मैदानात एका वेळी दोनास दोन. एकच पोकेमॉन दोनदा घेता येत नाही, एकच वस्तू दोघांच्या हातात देता येत नाही, प्रत्येकाला मूव्ह चारच. थोडक्यात, कुठे तरी कमी पडणारच, अशी सोय नियमांनीच करून ठेवली आहे.

ही कमतरता किती मोठी आहे ते टाइपच्या कोष्टकावरूनच दिसतं. पहिल्या खेळांत 15 टाइप होते. 1999 मध्ये स्टील आणि डार्क आले, 2013 मध्ये फेअरी आला, आणि संख्या 18 झाली. एका पोकेमॉनला एक किंवा दोन टाइप असतात, म्हणजे एकेरी आणि जोडीचे मिळून 171 प्रकार संभवतात. प्रत्येक टाइप कशानं तरी दुखावतो. पोकेमॉनांची एकूण संख्या 1025 वर गेली आहे, आणि एका हंगामात त्यांतल्या काहींनाच मुभा असली तरी ते काही शेकड्यांत असतात. आता आपल्या बाजूचा हिशेब पाहा. मैदानात उतरणाऱ्या चार जणांचे मिळून 16 मूव्ह. जोडीच्या खेळात बहुतेक जण प्रोटेक्ट बाळगतात, कारण एक वार चुकवून तेवढ्यात शेजाऱ्यानं काम उरकायचं हा तिथला नित्याचा डाव आहे. मग उरतात बारा. त्यातून वेग वाढवणं, झोपवणं, साथीदाराला आडोसा देणं यांसाठीचे मूव्ह वजा केले की प्रत्यक्ष मारा करणारे सात-आठच राहतात. या सात-आठांच्या जोरावर ज्याला सगळ्यांना पुरून उरायचं आहे त्याची गत 'एक ना धड भाराभर चिंध्या' अशी होते. प्रत्येक धोक्यावर त्याच्याकडे अर्धं उत्तर असतं आणि पूर्ण उत्तर एकावरही नसतं.

हाच पेच एका पोकेमॉनपुरता जवळून पाहता येतो. गार्चॉम्प हा स्पर्धांत वर्षानुवर्षं दिसणारा ड्रॅगन. त्याचा मूळ वेग 102 आहे. सॅलमन्स हा दुसरा ड्रॅगन, त्याचा वेग 100, आणि नेमका 100 वेग असलेले पोकेमॉन बरेच आहेत. ज्याला खेळाडू ईव्ही म्हणतात ते मेहनतीचे गुण एकूण 510 वाटता येतात, एका बाबीत जास्तीत जास्त 252, आणि लेव्हल 50 वर साधारण आठ ईव्हीमागे एक गुण पदरात पडतो. समजा गार्चॉम्पच्या हल्ल्यात आणि वेगात पूर्ण 252 ओतले. त्याचा स्वभाव जॉली ठेवला तर वेग होतो 169 आणि हल्ला 182. अ‍ॅडमंट ठेवला तर हल्ला 200 वर जातो आणि वेग 154 वर राहतो. पूर्ण वेगाचा सॅलमन्स 167 वर उभा आहे. म्हणजे जॉली गार्चॉम्प त्याच्या आधी वार करतो, तोही केवळ दोन गुणांच्या फरकानं, आणि अ‍ॅडमंट गार्चॉम्प त्याच्या मागे पडतो. ड्रॅगनचा वार ड्रॅगनला दुप्पट लागतो, तेव्हा या दोघांत आधी कोण मारतो यावर बहुधा निकाल लागून जातो. हल्ल्यात 18 गुण मिळवायचे तर वेगातले 15 द्यावे लागतात, मधला मार्ग नाही. अ‍ॅडमंट निवडणारा खेळाडू सॅलमन्सपुढे हार पत्करतो आणि त्या बदल्यात एरवी थोडक्यात वाचले असते अशांना एका वारात पाडतो. जॉली निवडणारा नेमका उलटा सौदा करतो. स्वभावाची निवड ही वरवर बारीकसारीक बाब. पण कोणाकडून हरायचं याचं उत्तर दिल्याशिवाय तीही करता येत नाही. असे निर्णय एका संघात सहा जणांसाठी, प्रत्येकाच्या चार मूव्हसाठी, हातातल्या वस्तूसाठी आणि अ‍ॅबिलिटीसाठी घ्यावे लागतात. जो ते जाणून घेत नाही त्याच्या वतीनं ते आपोआप घेतले जातात, आणि आपण काय गमावलं हे त्याला हरल्यावरच समजतं.

मग पत्करायची हार कोणती? इथे वापराची आकडेवारी कामाला येते. 2004 पासून चालत आलेल्या स्मोगॉन या खेळाडूंच्या समुदायानं एकास एक लढतींसाठी श्रेण्या पाडल्या आहेत आणि त्या वापराच्या टक्केवारीवर ठरतात. वरच्या श्रेणीची रेघ त्यांनी 4.52 टक्क्यांवर ओढली. हा आकडा हवेतून आलेला नाही. इतका वापर असलेला पोकेमॉन 15 लढतींत एकदा तरी समोर येण्याची शक्यता बरोबर निम्मी असते. मला हा विचार फार मोलाचा वाटतो, कारण तो धोक्याला भीतीनं मोजत नाही, भेटण्याच्या शक्यतेनं मोजतो. जोडीच्या खेळालाही तोच लावून पाहा. 100 पैकी दोन संघांत दिसणारा एखादा पोकेमॉन तुमचा संघ उद्ध्वस्त करतो असं समजा. आठ फेऱ्यांत तो एकदा तरी भेटण्याची शक्यता 15 टक्क्यांच्या आसपास. त्याच्यासाठी तुम्ही सहावी जागा खर्ची घातली, तर उरलेल्या जवळजवळ प्रत्येक फेरीत ती जागा तुमच्या उपयोगाची नाही. गडाची तटबंदीही सगळीकडे सारखी नसते. दरवाजाजवळ बुरुजावर बुरुज असतात, आणि जिथे सरळ तुटलेला कडा आहे तिथे दगडही रचलेला नसतो. कोणी तरी तो कडा चढून येईल हे बांधणाऱ्याला माहीत असतं. पण सगळं सैन्य तिथून येणार नाही हेही त्याला माहीत असतं.

या विचाराचा सर्वांत देखणा पुरावा म्हणजे 2014 ची जागतिक स्पर्धा. वॉशिंग्टन डी.सी.ला झालेल्या त्या स्पर्धेत दक्षिण कोरियाचा सेजुन पार्क जगज्जेता झाला. त्याच्या संघात गार्चॉम्प, ग्याराडोस, टॅलनफ्लेम, गार्डेवॉर आणि गोथिटेल होते, आणि सहावा होता पाचिरिसू, एक छोटीशी विजेची खार. या खारीच्या सहा मूळ गुणांकांची बेरीज 405 भरते. गार्चॉम्पची 600. हल्ल्याचा मूळ गुणांक तर अवघा 45. जगभरातल्या चाहत्यांनी या विजयाची गोष्ट दुबळ्याचा विजय म्हणून सांगितली, आणि ती ऐकायला गोड आहे. मला ती अपुरी वाटते. पार्कनं पाचिरिसूला दिलेले मूव्ह पाहा. फॉलो मी, म्हणजे समोरच्यांचे वार आपल्या अंगावर ओढून घेणं. सुपर फॅंग, म्हणजे समोरच्याची उरलेली ताकद थेट निम्मी करणं. नझल, म्हणजे हमखास लकवा. शिवाय प्रोटेक्ट. यांतल्या एकाही मूव्हचा फायदा त्या 45 वर अवलंबून नाही. आता शेजारी उभा असलेला ग्याराडोस पाहा. पाणी आणि उड्डाण हे त्याचे टाइप, म्हणून विजेचा वार त्याला चौपट लागतो. टॅलनफ्लेमला दुप्पट. पाचिरिसूची अ‍ॅबिलिटी होती व्होल्ट अ‍ॅब्सॉर्ब, जिच्यामुळे वीज अंगावर आली की तो उलट बरा होतो. प्रतिस्पर्ध्यानं ग्याराडोसवर वीज सोडायची, ती पाचिरिसूनं आपल्याकडे खेचायची आणि टवटवीत व्हायचं. मारा करणारी एक जागा पार्कनं सोडून दिली, आणि तिच्या मोबदल्यात दोन मारेकऱ्यांचा सगळ्यांत मोठा धोका खोडून काढला. ज्या संघांकडे वीज नव्हती त्यांच्यापुढे पाचिरिसूचा निम्मा उपयोग संपत होता, पण तेवढी किंमत मोजायला तो तयार होता. पाचिरिसू दुबळाही नव्हता आणि बलवानही नव्हता. त्या पाच जणांच्या शेजारी तो योग्य होता. त्याला तिथून उचलून दुसऱ्या संघात टाका, तो पुन्हा एक गोजिरी खार होऊन बसेल.

दोन वर्षांनी सॅन फ्रान्सिस्कोत अमेरिकेच्या वुल्फ ग्लिकनं जागतिक विजेतेपद घेतलं तेव्हाही हेच तर्कशास्त्र दिसलं, फक्त दुसऱ्या टोकानं. 2016 च्या नियमांत प्रत्येक संघाला दोन महाबली पोकेमॉन घ्यायची मुभा होती, आणि झर्नियस आणि ग्राउडन ही जोडी जिकडेतिकडे दिसत होती. ग्लिकनं घेतले कायोगर आणि रेक्वाझा. आदिरूपातला ग्राउडन मैदानात असा उन्हाळा आणतो की पाण्याचे वार वाफ होऊन जातात, म्हणजे पाण्यावर जगणारा कायोगर त्याच्यापुढे हतबल. रेक्वाझाची एअर लॉक अ‍ॅबिलिटी हवामानाचा परिणामच बंद पाडते, आणि मग तेच पाणी ग्राउडनला चौपट लागतं. ब्रॉन्झॉंग हा मंद, जडशीळ पोकेमॉन झर्नियसवर धरलेला, कारण फेअरीला स्टीलचा वार लागतो आणि जायरो बॉल हा मूव्ह मारणारा जितका संथ तितका जोरात बसतो. रायचूची लायटनिंग रॉड कायोगरवर येणारी वीज आपल्याकडे ओढणार. सगळी मांडणी दरवाजाच्या दिशेनं तोंड करून उभी आहे. जिकडून बहुसंख्य येणार तिकडे पूर्ण उत्तर, बाकीच्यांसाठी हातातल्या खेळावर भरवसा.

यावर पहिला आक्षेप असा येईल की मोठ्या स्पर्धेत एक हार म्हणजे घरी परत, तिथे हरण्याची भाषा परवडणारी नाही. वस्तुस्थिती वेगळी आहे. मोठ्या स्पर्धांचा पहिला टप्पा स्विस पद्धतीनं होतो. प्रत्येक फेरीत सारखे गुण असलेल्यांची गाठ घालतात आणि हरणारा बाद होत नाही. एक-दोन फेऱ्या गमावूनही पुढे जाता येतं. स्पर्धेची रचनाच थोड्या हारींना जागा ठेवते, आणि ज्यानं त्या हारी कुठे खर्च करायच्या हे ठरवलेलं आहे त्याला त्या जागेचा लाभ होतो. बाद फेरीत हे सवलतीचं गणित संपतं हे खरं. पण तिथवर पोचणारे संघ बहुतांशी ज्यांची तयारी केली तेच असतात, आणि सामना तीन डावांचा असल्यामुळे एक डाव गेला तरी सावरता येतं. त्यातही ठरवलेल्या खेळाडूचा एक फायदा क्वचितच कोणी सांगतं. लढतीआधी दोन्ही संघ समोरासमोर दिसतात आणि त्यांतले चार निवडायला 90 सेकंद मिळतात. पहिले दोन कोण आणि मागे दोन कोण, असं मोजलं तर 90 प्रकारे निवड करता येते. आपला संघ कशासाठी आहे आणि कशासाठी नाही हे ज्याला पाठ आहे तो त्यातले 80 प्रकार न बघताच बाजूला सारतो. ज्यानं सगळ्यांची सोय करायचा प्रयत्न केला तो प्रत्येक प्रकार तोलत बसतो आणि वेळ संपते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आज संघ बांधतो कोण? जिंकलेले संघ सगळ्यांना दिसतात, अलीकडच्या खेळांत तर कोड टाकून दुसऱ्याचा अख्खा संघ उसना घेता येतो. शिवाय मोठ्या स्पर्धांत आता आपल्या पोकेमॉनचे मूव्ह, वस्तू आणि अ‍ॅबिलिटी प्रतिस्पर्ध्याला उघड दाखवाव्या लागतात. मग बांधणीत उरलं काय? उसना संघ घेण्यात मला काहीही गैर वाटत नाही. शिकण्याचा तो उत्तम मार्ग आहे आणि नवख्यानं तोच धरावा. पण उसन्या संघाबरोबर त्याच्या मालकानं पत्करलेल्या हारींची यादी येत नाही. मूळ बांधणाऱ्याला माहीत असतं की अमुक संघ समोर आला तर पहिला डाव सोडून द्यायचा आणि प्रतिस्पर्ध्याची चाल शिकून घ्यायची. उसनवारी करणारा त्याच ठिकाणी घाबरून एकेक मूव्ह बदलत सुटतो, आणि तीन बदलांनंतर मूळ सौदा मोडलेला असतो. ईव्हीचं वाटप उघड करावं लागत नाही, आणि कोणासाठी किती सोसायचं हे लिहिलेलं असतं ते त्या वाटपातच. शिवाय जिंकलेला संघ हे मागच्या स्पर्धेच्या गर्दीवरचं उत्तर असतं. तो सगळ्यांनी उचलला की गर्दीच बदलते, आणि ज्याला सौदा माहीत नाही त्याला नवा करता येत नाही.

नशिबाचा मुद्दा मी थोडक्यात घेतो, कारण तो जेवढ्या जोरात मांडला जातो तेवढा मोठा नाही. प्रत्येक वाराचं बळ 85 ते 100 टक्क्यांमधल्या सोळा पायऱ्यांपैकी एका पायरीवर पडतं, 24 पैकी एक वार वर्मी बसतो, आणि रॉक स्लाइडसारखा मूव्ह दहातून एकदा चुकतो. दोघांनाही एकाच वेळी लागायचा तर 81 टक्केच. हे सगळं आधीपासून माहीत असतं. चुकणारा पण दोघांना लागणारा मूव्ह घ्यायचा की न चुकणारा पण एकालाच लागणारा, ही निवडही पत्करलेल्या हारीचीच आहे. ज्यानं रॉक स्लाइड घेतला त्यानं दर काही वारांमागे एक चूक विकत घेतली. ती निर्णायक क्षणी आली म्हणून रडण्याचा हक्क त्याला राहत नाही.

उरतो तो आवडीचा प्रश्न, आणि तो मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. 1999 च्या खेळांतली कॅरन ही व्यक्तिरेखा असं मानते की बलवान-दुबळे हे भेद लोकांचे स्वार्थी भेद आहेत, खऱ्या खेळाडूनं आपल्या आवडत्यांना घेऊन जिंकायला पाहिजे. पुष्कळांनी ते मनावर घेतलं आणि आकडेमोडीनं खेळणाऱ्यांना रुक्ष ठरवलं. माझ्या मते हे भांडण खोटं आहे. आवडता पोकेमॉन घेणं हाही एक सौदा आहे आणि तो पूर्णपणे मान्य करण्यासारखा आहे. एक जागा मी प्रेमासाठी देतो, त्यापायी अमुक संघांपुढे मी कमी पडेन, असं म्हणणारा खेळाडू गार्चॉम्पचा स्वभाव ठरवणाऱ्याइतकाच काटेकोर असतो. बिघडतं ते किंमत नाकारल्यावर. आवडता पोकेमॉन घ्यायचा, तो सगळ्यांना भारी पडावा अशीही अपेक्षा करायची, आणि पडला नाही की खेळ पैशावर किंवा नशिबावर चालतो म्हणायचं, यात त्या पोकेमॉनवरचं प्रेमही दिसत नाही. खरं प्रेम असेल तर त्याच्या शेजारी कोण उभं केलं म्हणजे त्याला काम मिळेल याचा शोध घ्यायला हवा. पार्कनं पाचिरिसूसाठी नेमकं तेच केलं. त्या खारीचा सन्मान केला असेल तर त्या पाच शेजाऱ्यांनी.

एकेकाळी ही सगळी चर्चा पुढची वाटायची, कारण हवा तसा पोकेमॉन हाती यायलाच पैदाशीत तास न् तास जायचे. 2019 च्या खेळांत स्वभावाचा परिणाम बदलणारे मिंट आले, उणीव भरून काढणारं प्रशिक्षण त्याच्या तीन वर्षं आधी आलं होतं, आणि आता एका संध्याकाळी संघ उभा राहतो. मेहनतीचा बहाणा संपला आहे. निर्णय तेवढे उरले आहेत, आणि ते कोणतंही साधन आपल्यासाठी घेणार नाही.

तेव्हा पुढचा संघ बांधताना पाच जागा भरून झाल्या की थांबा. सहावा पोकेमॉन निवडण्याआधी ज्यांच्याकडून हरणं तुम्हाला चालेल अशा तीन संघांची नावं कागदावर लिहा. ती लिहिता आली नाहीत तर सहावी जागा भरू नका, पहिल्या पाचांकडे परत जा.